सेल्फ फिरतोय, खरं गाडी चालू होईना : डिझेल गाडीचं निदान कुठनं सुरू करू?

घाटमाथा | शनिवार, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. घरची गाडी डिझेल, २०१३ ची, चार सिलिंडर, कॉमन रेल, केए २२ पासिंग, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. गेले तीन आठवडे सेल्फ जरा जास्त वेळ मारावा लागायला लागला होता. सकाळी कमी, आणि बेळगावात काम करून तापलेली गाडी बंद केली की पुन्हा चालू करताना जास्त.

गावाजवळच्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी आधी बॅटरी बदलायला लावली. फरक नाही. मग परवा डिझेल फिल्टर बदलला. बदलल्यावर गाडी एकदा चालू झाली, अर्ध्या मिनिटात गचके देत बंद पडली, ती बंदच. आता सेल्फ जोरात फिरतो, आवाज नेहमीसारखा, खरं पेट घेत नाही. आता हीटर प्लग (गार इंजिन आतनं तापवणारे) चारही बदलूया म्हणायलेत, आणि त्यानंही नाही झालं तर डिझेलचा पंप उतरवूया म्हणायलेत.

सात हजार गेलेत आणि गाडी दारातच उभी आहे. येत्या गुरुवारी आईला डोळ्यांच्या तपासणीला बेळगावला न्यायचंय. पाऊस असा की दोन दिवस अंगणात पाय ठेवता येईना. एकेक वस्तू बदलत बसायच्या आधी काय काय तपासायचं ते कोणी नीट सांगेल का? हाताशी मल्टिमीटर आहे, पाने आहेत, आणि करायची तयारी आहे.

---

शहापूरवाला | शनिवार, रात्री ९:४१

पावसाळ्यात गारठ्यामुळं होतं असं. एअर फिल्टरचं झाकण काढा, एकानं सेल्फ मारायचा आणि दुसऱ्यानं स्टार्टिंग स्प्रे मारायचा. माझ्या मित्राची अशीच चालू झाली होती.

---

पंपनोझल | शनिवार, रात्री १०:१५

शहापूरवाला दादा, राग मानू नका, खरं तो स्प्रे मारायला सांगू नका. त्यात इथर असतं. डिझेल गाडीत हीटर प्लग लाल तापलेले असतात, इथर तिथं पोचलं की पिस्टन वर यायच्या आतच भडकतं. पिस्टनच्या रिंगा फुटलेली, कनेक्टिंग रॉड वाकलेली इंजिनं मी पाहिलीत. सात हजारांत सुटणारं काम लाखाच्या घरात जातं. आणि गाडी चालू झाली तरी दोष कुठला ते कळतच नाही.

घाटमाथा, मी उद्यमबागेत पंप आणि नोझलच्या बेंचवर वीस वर्षं काम करायलोय. तुम्ही लिहिलेल्यात एक ओळ फार कामाची आहे: फिल्टर बदलल्यावर चालू झाली आणि अर्ध्या मिनिटात बंद पडली. ती बाजूला ठेवा, तिच्याकडं परत येऊ.

आधी मूळ गोष्ट. डिझेलला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की चालू इंजिनात ती ५०० अंशांच्या वर जाते, आणि त्यात बारीक फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे सेल्फ फिरतोय तर पाहायच्या गोष्टी मोजक्याच: सेल्फ पुरेशा वेगानं फिरतो का, हवा दबते का (म्हणजे कॉम्प्रेशन), डिझेल पुरेशा दाबानं पोचतं का, आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल फवारणारं नोझल उघडायला सांगतो का. हीटर प्लग या सगळ्याच्या मागनं येतात. आपल्याकडं जुलैत पारा २० च्या आसपास असतो. कॉम्प्रेशन ठीक असलेलं कॉमन रेलचं इंजिन एवढ्या गारठ्यात हीटरशिवायही पेट घेतं, थोडं थरथरेल, थोडा धूर काढेल एवढंच. त्यामुळं चारही प्लग आत्ता बदलू नका.

उद्या सकाळी एवढं बघून लिहा. सायलेन्सरच्या तोंडाशी कुणाला तरी उभं करा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. पांढुरका धूर आला, डिझेलचा उग्र वास आला, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. तेव्हा हीटर, कॉम्प्रेशन, टायमिंग याकडं बघायचं. धूर अजिबात नाही, तर डिझेल आतच पडत नाही. या एका तपासणीनं निम्मी शोधाशोध वाचते आणि तिला एक रुपया लागत नाही.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का बघा. चावी फिरवल्यावर चावीच्या चित्राचा दिवा विझतो की लुकलुकत राहतो तेही बघा. आणि सेल्फचा आवाज कान देऊन ऐका. निरोगी इंजिन "घ्यँव-घ्यँव-घ्यँव" असं ठोक्यांत फिरतं. एकसारखा मोकळा "घुंईईई" आवाज आला तर हवा दबतच नाही, टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. मग पुढं सेल्फ मारूच नका.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये एक मिनिट विश्रांती. नाहीतर सेल्फची मोटर जळेल.

---

जुनी जीप | रविवार, सकाळी ६:५०

मी सेवानिवृत्त ड्रायव्हर. बेळगाव-सावंतवाडी रस्त्यावर आंबोली घाटानं उभं आयुष्य गाडी चालवली. अर्ध्या मिनिटात बंद पडली म्हणजे एअर धरली, दुसरं काही नाही. आमच्या वेळी मायकोचा पंप असायचा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस गेला आणि सलग डिझेल आलं की घट्ट करायचं. मग नोझलच्या पाइपांचे नट एकेक सैल करून सेल्फ मारायचा, डिझेलची पिचकारी आली की आवळायचा. भर पावसात घाटात रस्त्यावर बसून केलंय हे, पाव तासात गाडी चालू. पोरा, तूही तसं कर.

---

पंपनोझल | रविवार, सकाळी ७:३०

मामा, तुमचं निदान मलाही पटतंय, पहिली शंका एअरचीच. खरं नोझलचे नट सैल करायचं तेवढं या गाडीत करायचं नाही, म्हणून घाईनं लिहायलोय.

मायकोच्या जुन्या पंपात पाइपात दाब नोझल उघडण्याच्या क्षणापुरता यायचा आणि जायचा. कॉमन रेलमध्ये एका जाड नळीत, तीच रेल, दाब कायम भरून ठेवलेला असतो. या पिढीच्या गाड्यांत चालू इंजिनात तो १६०० बारपर्यंत जातो. कारच्या टायरमध्ये जी हवा असते ती साधारण २ बार. असल्या दाबाची डिझेलची धार दिसत नाही, खरं ती कातडीतून आत शिरते. वरून सुई टोचल्याएवढंच भोक दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत मांस सडायला लागतं. अशा माणसाला मलम लावून घरी बसवायचं नाही, तासाभरात शस्त्रक्रियेच्या सोयीच्या दवाखान्यात न्यायचं. आमच्या शेजारच्या शेडमधल्या एका पोराची तर्जनी यातच गेली.

म्हणून घाटमाथा, जाड लोखंडी पाइपांना पाना लावायचा नाही. फिल्टरपर्यंतचे रबरी किंवा प्लॅस्टिकचे पाइप कमी दाबाचे, तिथलं काम तुम्ही बिनधास्त करा.

---

घाटमाथा | रविवार, सकाळी ९:०५

मामा, पंपनोझल दादा, दोघांचेही आभार. सकाळी पावसानं उघडीप दिली तेवढ्यात बघितलं.

धाकट्या भावाला सायलेन्सरपाशी बसवलं होतं. धूर नाही, वासही नाही. आरपीएमचा काटा २०० च्या जरा वर जाऊन थरथरतो. चावीचा दिवा दोन सेकंदांत विझतो. आवाज ठोक्यांत येतो, पहिल्यासारखाच.

---

वायरमन खानापूर | रविवार, सकाळी ९:४०

काटा हलतोय म्हणजे इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर बहुतेक ठीक आहे, तो मेला असता तर काटा शून्यावर राहिला असता आणि ईसीएमनं नोझल उघडलंच नसतं. दिवा विझतोय म्हणजे इमोबिलायझरनं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेनं) चावी ओळखली. माझ्या बाजूच्या दोन मोठ्या शंका गेल्या.

तरी दोन गोष्टी. एक, सेल्फ फिरताना बॅटरीवर व्होल्ट मोजा. उभ्या गाडीत भरलेल्या बॅटरीचे १२.६ असतात, सेल्फ फिरताना १० च्या खाली गेले तर ईसीएम झोपतो. नवी बॅटरी असूनही असं होतं, कारण इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी गंजलेली असते. आपल्याकडं खानापूर-जांबोटी पट्ट्यात एवढ्या पावसात ती पट्टी सर्वांत आधी जाते.

दुसरं, बॉनेट उघडून वायरिंगला उंदीर लागलाय का बघा. पावसाळ्यात रानातले उंदीर उबेला इंजिनावर येऊन बसतात. मागच्या महिन्यात एका गाडीची कॅम सेन्सरची वायर अशी कुरतडली होती की बाहेरनं दिसत नव्हती, कव्हरच्या आत फक्त तांबं उरलं होतं.

आणि जम्प देऊन बघणार असाल तर ट्रॅक्टरची बॅटरी चालेल, १२ व्होल्टची असते. ऊसवाहतुकीच्या मोठ्या ट्रकवर जम्पर लावू नका, तिथं दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात, ईसीएम जागीच जळेल.

---

निपाणीकरीण | रविवार, सकाळी ११:१०

घाटमाथा दादा, माझी भाजीपाल्याची पिकअप आहे, मीच चालवते, निपाणी-कोल्हापूर रोज. मला हेच झालं होतं, वाटेत, पहाटे चारला, मागं टोमॅटोचे क्रेट. फिल्टर आदल्या दिवशीच बदललेला.

तुम्हाला धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. आता ते कुठं अडतंय ते डोळ्यांनी बघायचा सोपा मार्ग सांगते. फिल्टरमधून पंपाकडं जाणारा पाइप काढायचा आणि त्याच्या जागी वीतभर पारदर्शक नळी घालायची, दोन्हीकडं क्लिप आवळून. गाडीच्या सामानाच्या दुकानात डिझेलची म्हणून मिळते. मग फिल्टरवरचा हातपंप दाबून कडक होईपर्यंत मारायचा आणि सेल्फ मारताना नळीकडं बघायचं. बुडबुडे दिसले तर हवा शिरतेय. नळी रिकामीच राहिली तर टाकीकडनं डिझेल येत नाही.

माझ्या गाडीत फिल्टरच्या डोक्यातला ओ रिंग (रबराचं कडं) नीट बसला नव्हता. जुना तसाच चिकटून राहिला होता आणि त्याच्यावर नवा बसवला होता. बाहेर डिझेलचा थेंबही सांडत नव्हता, कारण तिथं पंप ओढत असतो. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मिस्त्री कोरडं बघून म्हणायचा, लीक नाही. मला हे समजायला तीन दिवस आणि सगळे टोमॅटो गेले.

---

पंपनोझल | रविवार, सकाळी ११:३२

ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. घाटमाथा, हेच करा. आणि त्याआधी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून अर्धा पेला डिझेल काचेच्या पेल्यात घ्या, दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल.

---

घाटमाथा | रविवार, संध्याकाळी ६:४५

मंडळी, गाडी चालू झाली. खरं पूर्ण नाही. सगळं सविस्तर लिहितो.

व्होल्ट मोजले, सेल्फ फिरताना १०.४. वायरिंग बघितलं, उंदराच्या लेंड्या सापडल्या, कुरतडलेलं काही नाही. पेल्यात पाणी नाही, तळाशी बारीक तांबूस गाळ मात्र बसला, हळदीच्या चिमटीएवढा.

मग जांबोटीत पारदर्शक नळी मिळेना म्हणून भाऊ खानापूरला जाऊन घेऊन आला. नळी बसवली. हातपंप मारला तर पन्नास वेळा दाबूनही कडक होईना. तेव्हाच कळायला हवं होतं. अंधारून आलं होतं, भावानं नळीमागं टॉर्च धरला आणि मी सेल्फ मारला. तो ओरडला, "दादा, सोडा वॉटर!" मी उतरून बघितलं. पिवळसर डिझेलात मोहरीएवढे बुडबुडे रांगेनं चाललेले, सेल्फ थांबला की ते नळीच्या वरच्या अंगाला जाऊन एक लांब पोकळी व्हायची. ती पोकळी बघितली आणि पोटातला गोळाच उतरला, काहीतरी डोळ्यांना दिसलं एकदाचं.

फिल्टर उघडला. ताई, तुमचं म्हणणं अक्षरशः खरं. जुना ओ रिंग खोबणीतच होता, चपटा होऊन काळ्या रंगासारखा चिकटलेला, नखानं खरवडल्यावर सुटला. नवा त्याच्यावर पिळून बसलेला, एका जागी कापलेला. दुसरा घेतला, डिझेलचं बोट लावून बसवला. हातपंप सतराव्या-अठराव्या दाबाला कडक झाला. तिसऱ्या सेल्फला गाडी चालू. आई देवघरातनं बाहेर आली आवाज ऐकून.

जांबोटीपर्यंत जाऊन आलो. दारात बंद केली, पाच मिनिटांनी पुन्हा लावली तर होईना. नळीत बुडबुडा एकही नाही. दोन तासांनी गार झाल्यावर आठ-नऊ सेकंद सेल्फ मारून चालू झाली. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीचा मूळ त्रास आहे तसाच आहे.

---

निपाणीकरीण | रविवार, संध्याकाळी ७:०२

चला, एक तरी चोर सापडला. मला खूप बरं वाटलं वाचून.

---

जुनी जीप | रविवार, रात्री ८:१०

तापल्यावर चालू होत नाही आणि गार झाल्यावर होते, हे मी एका जीपमध्ये बघितलंय. गोल पंपाची होती. आम्ही पंपावर ओलं गोणपाट टाकायचो आणि चहा पिऊन यायचो, मग चालू व्हायची. पंपाचं काम केल्यावर गेलं ते.

---

पंपनोझल | रविवार, रात्री ९:००

मामा, त्या ओल्या गोणपाटात सगळं शास्त्र आहे. डिझेल तापलं की पातळ होतं. पंपाच्या किंवा नोझलच्या आत झीज झालेली असेल तर गार, जरा जाड डिझेल त्या फटीतनं कमी निसटतं आणि तापलेलं पातळ डिझेल जास्त निसटतं. गोणपाटानं डिझेल गार व्हायचं आणि दाब पुन्हा बनायचा.

घाटमाथा, तुमच्या गाडीत तेच. दोष दोन होते, एकावर एक. वरचा ओ रिंगचा, फिल्टर बदलताना झालेला. खालचा जुना, तीन आठवड्यांचा. वरचा सापडला नसता तर खालचा कधीच दिसला नसता, आणि कुणीतरी तुमचा पंप उतरवून बिल केलं असतं.

आता अंदाजानं पुढं जायचं नाही. स्कॅनर लावून घ्या. खानापुरात किंवा बेळगावात कुठंही लावतील. नुसते कोड वाचून परत येऊ नका. पी ००८७ दिसला तर रेलचा दाब कमी एवढंच कळतं, का कमी ते कळत नाही. लाइव्ह डेटा बघायचा. गाडी तापलेली असताना, सेल्फ मारताना, दोन आकडे: ईसीएम किती दाब मागतोय आणि रेलमध्ये प्रत्यक्ष किती बनतोय. साधारण २०० बारच्या आसपास दाब झाल्याशिवाय ईसीएम नोझल उघडतच नाही, गाडीगणिक थोडं कमीजास्त.

आणि एक विचारायचं राहिलं. डिझेल कुठलं भरता? पेल्यातला तांबूस गाळ मला पटत नाही.

---

चंदगडी | सोमवार, सकाळी ८:२५

आमच्या शिनोळी भागातली सगळी मंडळी डिझेल भरायला बेळगावच्या बाजूला येतात. माझी गाडी वर्षानुवर्षं तिकडच्याच पंपांवर भरतोय, गाळ कधी आला नाही. पंपाचं डिझेल असं तांबूस गाळाचं नसतं.

---

घाटमाथा | सोमवार, रात्री ८:५०

आज सुट्टी टाकून गाडी खानापूरला नेली, वाटेत कुठंच बंद केली नाही. तिथं तापलेल्या गाडीवर स्कॅनर लावला. मागणी २८० बार, प्रत्यक्ष १२० ते १३५ मध्ये खालीवर. गाडी तासभर गार होऊ दिली, पुन्हा मारला, १७० वरून चढत चढत २१० ला गेली आणि त्याच क्षणी पेट घेतला. आकडा आणि इंजिन एकदमच. ते बघताना अंगावर काटा आला, इतके दिवस जे नशीब वाटत होतं ते एका आकड्यात दिसलं.

डिझेलचं सांगतो. काल लिहायला संकोच वाटला. आमच्याकडं पॉवर टिलरसाठी दोनशे लिटरचं बॅरल असतं, पडवीत. पेट्रोल पंप लांब, पावसात जाणं होत नाही, म्हणून बाबा गाडीतही त्यातलंच घालतात, कॅन आणि फडक्यातनं गाळून. बॅरल जुनं आहे. आज तळाशी हात फिरवला, बोटाला गंज आला.

---

पंपनोझल | सोमवार, रात्री ९:३०

संकोच कसला. भातलावणीच्या दिवसांत बॅरल नसलेलं घर तुमच्या भागात शोधावं लागेल. आणि बाबांना दोष देऊ नका. टिलरच्या जुन्या पद्धतीच्या पंपाला असलं डिझेल कसंबसं पचतं. कॉमन रेलच्या नोझलच्या आत जी गोळी बसते तिच्या बैठकीची फट केसापेक्षा कितीतरी बारीक. फडक्यातनं निसटलेला गंजाचा कण तिथं वाळूच्या कागदासारखा घासतो. बैठक झिजली की डिझेल सिलिंडरमध्ये न जाता रिटर्नच्या नळीनं टाकीत परत पळतं. पंप बनवतो तेवढा दाब तिथनं वाहून जातो.

आता संशयित चार: चार नोझलांपैकी कुठलं तरी, रेलवरचा दाबाचा व्हॉल्व्ह, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, आणि पंप स्वतः. सगळ्यांत महाग पंप, आणि लोक सगळ्यांत आधी तोच उतरवतात. नोझलची तपासणी घरी करता येते.

चारही नोझलच्या डोक्यावर रिटर्नच्या बारीक नळ्या असतात, क्लिपनं बसवलेल्या. त्या काढायच्या. प्रत्येक नोझलला एकेक पारदर्शक नळी लावून दुसरं टोक एकेका बाटलीत. मेडिकलमध्ये सलाइनचा सेट मिळतो, त्याची नळी आम्हीसुद्धा वापरतो. काढलेल्या रिटर्न लाइनचं तोंड बोळा घालून बंद करा. गाडी तापलेली पाहिजे. दहा-दहा सेकंद तीन वेळा सेल्फ मारायचा आणि बाटल्या बघायच्या. चारही बाटल्यांत जवळजवळ काहीच नाही, तर नोझल निर्दोष, मग व्हॉल्व्ह आणि पंप. एकीतच भरलं, तर तोच.

क्लिपा प्लॅस्टिकच्या असतात, तेरा वर्षांत ठिसूळ झालेल्या. ओढू नका, आधी खाली दाबा, मग टाचणीनं उघडा.

---

घाटमाथा | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

केलं. एक क्लिप मोडलीच, तिचं वाईट वाटतंय, बाकी तीन नीट निघाल्या.

मेडिकलवाल्या काकांना चार सलाइन सेट मागितले तर त्यांनी काळजीनं विचारलं, घरी कोण आजारी आहे. गाडी म्हटल्यावर त्यांना आधी पटेना, मग त्यांनीच रिकाम्या औषधाच्या चार सारख्या बाटल्या शोधून दिल्या.

बाटल्या बॉनेटच्या कडेला सुतळीनं बांधल्या, १ ते ४ आकडे खडूनं लिहिले. गाडी तापवून बंद केली. भावानं सेल्फ मारला, मी आणि बाबा छत्री धरून बघत होतो. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या नळीत डिझेल दोन बोटं सरकलं आणि थांबलं, थेंबसुद्धा बाटलीत पडला नाही. तिसरीत मात्र सेल्फ लागल्या लागल्या धार सुरू. तीन वेळा मारून झाल्यावर बाटली गळ्यापर्यंत भरली. बाबा काहीच बोलले नाहीत. घरात गेले, आणि थोड्या वेळानं पडवीत बॅरल बाजूला सरकवायचा आवाज यायला लागला.

आता पुढं काय? तिसरं काढून कुठं न्यायचं?

---

पंपनोझल | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

इतकं स्वच्छ उत्तर बेंचवरही रोज मिळत नाही.

नोझल तुम्ही काढू नका, ते काजळीनं धरलेलं असतं, वाकडं ओढलं तर हेड जाईल. गाडी गार चालू होतेय तर पंप-नोझलच्या दुरुस्तीवाल्याकडं चालवत घेऊन जा. उद्यमबागेत आहेत, ऑटोनगरात आहेत, कुणाकडंही जा, माझ्याकडंच या असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडनं एवढं करून घ्या: तिसऱ्याची रेलवरची वाट आंधळ्या (भोक नसलेल्या) बोल्टनं बंद करून सेल्फ मारायला लावा. दाब लगेच २५० च्या वर गेला तर पंपही ठीक आहे याची खात्री झाली, मग पैसे फक्त नोझलवर घाला. नोझल बेंचवर तपासल्याचा कागद मागा. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच, आणि बैठक साफ केल्याशिवाय नाही. आणि नोझलच्या डोक्यावर कोरलेला कोड असतो, नवं किंवा दुसरं नोझल टाकलं तर तो कोड स्कॅनरनं ईसीएममध्ये भरावा लागतो. तो न भरताच गाडी देतात आणि मग ती थरथरते, धूर काढते.

टाकी उतरवून धुवून घ्या. हे टाळलंत तर सहा महिन्यांत दुसरं नोझल जाईल.

---

चंदगडी | मंगळवार, रात्री ८:३०

वाटेत बंद पडलीच तर टोचन लावून न्या, खरं टोचन लावून गिअरमध्ये चालू करायला बघू नका. ज्या गाडीला टायमिंग बेल्ट आहे तिचा दात सरकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं असंच झालं.

---

घाटमाथा | शनिवार, रात्री ८:००

उशीर झाला लिहायला, दोन दिवस गावात लाइट नव्हती.

बुधवारी गाडी बेळगावला नेली. त्यांनी तिसऱ्याची वाट बंद केली, सेल्फ मारला, दाब ३१० ला जाऊन टेकला. तीन सिलिंडरवरच गाडी फटफटत चालूसुद्धा झाली. पंपाला कुणी हात लावला नाही. नोझलचं आतलं बदललं, बेंचवरचा कागद दिला, नवा वॉशर, कोड भरला. साडेपाच हजार. टाकी धुतली त्याचे वेगळे. टाकीच्या तळातनं चहाच्या गाळासारखं मूठभर निघालं, ते त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं.

गाडी गुरुवारी दुपारी हातात आली, त्यामुळं आईला सकाळी शेजारच्या अण्णांनी त्यांच्या गाडीनं नेलं. परत मात्र आमच्याच गाडीनं आणलं. तपासणी ठीक आहे. वाटेत पिरनवाडीत मुद्दाम गाडी बंद केली, कुंदा घेतला, पुन्हा लावली. चावी फिरवली आणि चालू, एक सेकंदसुद्धा नाही. आई म्हणाली, आता पुन्हा बंद करून बघ. तीन वेळा बघितलं.

पंपनोझल दादा, निपाणीच्या ताई, मामा, वायरमन, चंदगडी, तुमच्यापैकी कुणालाही जांबोटीकडं यायचं झालं तर आमच्याकडं जेवायलाच या.

बाबांचा एक प्रश्न आहे. बॅरलमध्ये अजून साठ लिटर आहे. टिलरला तरी चालेल का?

---

पंपनोझल | शनिवार, रात्री ८:४०

चालेल, खरं आहे तसं नाही. आठ दिवस बॅरल हलवू नका, गाळ खाली बसू दे. मग वरचं पन्नास नळीनं ओढून स्वच्छ प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये घ्या, नळीचं तोंड तळापासून चांगलं दोन-तीन बोटं वर ठेवा. टिलरचा फिल्टर नवा घाला. तळाचं दहा लिटर नांगराच्या फाळांना आणि कोयत्यांना पुसायला ठेवा. गाडीत एक थेंबही नको. आणि बाबांना माझा नमस्कार सांगा.